कौल

साहेब शिडीच्या तिसऱ्या पायरीवर थांबला.
गुडघ्याचं कारण सांगून मोबाईल माझ्या हातात दिला,
"नीवे फोटो तगीरि, लुमाण्णा."
म्हणून नंदगडात शालन टीचरच्या छपराचा सर्व्हे
मी केला. एकेचाळीस वर्षं लोकांची घरं शाकारतोय,
पण कुणासाठी फोटो काढायला पहिल्यांदाच चढलो.

तो हंचु म्हणत होता, मी कौल,
कागदात तिसरंच काही इंग्रजी होतं.

विमा आहे हे टीचरला माहीतच नव्हतं.
घराच्या कर्जाला गोचिडासारखा चिकटून आलेला.
दर मार्चात खात्यातनं सोळाशे चाळीस जायचे,
पासबुकात नुसती तीन अक्षरं.
तिला वाटायचं, बँकेचा काही दंड असेल.
वारा येऊन गेला त्या रात्री लेकानं फोनवर वाचून दाखवलं:
वादळ, वीज, आग, पूर, हे मिळतं.
झीज, गंज, वाळवी, प्राणी, हे नाही.
"प्राणी म्हणजे?"
"वानरं, आई."
"वानरांचं त्यांना कुणी सांगितलं?"

हलशीकडनं आलेला वारा. पश्चिमेचं पाखं सोललेलं.
अठ्ठावीस कौलं, एक वासा, रिपा किती ते मोजलं नाही.
खालनं साहेबानं विचारलं, "यावाग ओडीतु?"
टीचर अंगणातनं, "काय म्हणूलाय त्यो?"
कधी फुटलं, म्हणतोय.

फुटल्या कौलाची कड बघायची असते.
ताजी असली की लाल, बोटाला भुकटी लागते.
जुनी असली की काळी, आत शेवाळ,
एखाद्या कोळ्यानं संसार करून सोडलेला.
एकोणीस लाल होती.
नऊ काळी.
ती नऊ गेल्या शिमग्यात वानरांनी फोडलेली,
मीच म्हणालो होतो, बदलून घ्या टीचर.
मे महिन्यात बघू, म्हणाली होती.

आणि वासा.
वाळवी पंधरा वर्षं खात होती त्याला,
पाडला वाऱ्यानं, एका फुंकरीत.
आता कुणाच्या नावावर लिहायचा?
पान अकरावर आहे म्हणे.

गुरव देवाला पाकळ्या चिकटवून कौल लावतो,
उजवी पडली की हो.
इथं पश्चिमेची पडली तर हो,
पण वाऱ्यानंच पडलेली पाहिजे,
आणि पाकळ्या चिकटवणारा मी.

मोबाईल हातात होता. काळ्या कडा खाली वळवून
लाल तेवढ्या वर घेता आल्या असत्या.
टीचर मान वर करून बघत होती.
तिनं काही म्हटलं नाही, हे लिहून ठेवतो.
मी एकोणीस सांगितली.

त्या दिवशी चहा मिळाला नाही.

माझा हिशेब एकवीस हजार सातशेचा.
कंपनीनं वासा सोडला, नऊ कौलं सोडली,
छप्पर एकतीस वर्षांचं म्हणून घसारा कापला,
पहिले पाच हजार तुमचेच, म्हणाली,
आणि तीन हजार नऊशे पाठवले.
लेक म्हणाला, पुढच्या साली नव्या किमतीची पॉलिसी घेऊ,
तिला घसारा नसतो, हप्ता जास्त असतो.
टीचर म्हणाली, मलाबी घसारा लावा की मग, एकाहत्तर झाले.

जुन्या शाळेची उतरवलेली कौलं माझ्या परड्यात होती.
त्यातली घातली. मजुरी पुरी घेतली.
उतरताना तिनं स्वतःचा मोबाईल वर दिला,
"आता काढ.
धड आहे तोवर काढून ठेव, तारखेसकट."

काही न झालेल्या छपराचा फोटो
आजवर कुणी मागितला नव्हता मला.
मागं सरकत सरकत पेरूच्या बुंध्याला पाठ लागली,
तेव्हा कुठं आख्खं पाखं मावलं.
फोटोत आढ्यावर एक वानर,
शेपूट सोडून, ऐटीत बसलेलं.

टीचरनं चष्मा वर करून बघितला.
"त्याला हाकल आणि परत काढ," म्हणाली.
"प्राणी नकोत."